निनावी अर्जाखालची सही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या केंद्राचे केंद्रप्रमुख माननीय सुदर्शन सर. व्यासपीठावर विराजमान झालेले सरपंच सावळेराम. शाळेचा कारभार उद्यापासून ज्यांच्या हाती जाणार ते नवे मुख्याध्यापक भरत सर. आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या सर्वांच्या आदरणीय डुंबरे बाई. बाईंचे यजमान, ज्यांना उद्यापासून घरातच हजेरी द्यावी लागणार आहे. समोर बसलेले ग्रामस्थ, माता-पालक, आजी-माजी विद्यार्थी. आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभी असलेली, जेवण किती वाजता एवढंच विचारायला आलेली मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या सिद्धीनं मला पाच मिनिटं दिली आहेत. ही सिद्धी म्हणजे आपल्या किराणावाल्या रमणशेठची नात, याच शाळेत सातवीपर्यंत शिकली. तिनं आत्ताच कानात सांगितलं, "आजोबा, पाच म्हणजे पाच." पण पोरी, मी यात्रा कमिटीचा अध्यक्ष आहे. आमच्या कमिटीत पाच मिनिटं नुसती माईक वाजतोय का ते बघण्यात जातात.

मंडळी, गुणगौरव आधीच्या वक्त्यांनी केला. मी एक वेगळं काम घेऊन उभा राहिलोय. नऊ वर्षांपूर्वी बाईंच्या विरुद्ध तालुक्याला एक निनावी अर्ज गेला होता, ते गावाला माहीत आहे. तो कुणी केला, तेही आपल्याला माहीत आहे असं आपण धरून चाललोय. झेरॉक्सवाल्या गोरखनं. अर्ज टाईप केलेला होता, गावात टायपिंग गोरखकडंच होतं, विषय संपला. गोरख तिथं तिसऱ्या रांगेत बसलाय. बाई आज गाव सोडून ओतूरला चालल्या. त्या जायच्या आत तो अर्ज कुणाचा होता हे याच माईकवरून सांगायचं, एवढ्यासाठी मी आलोय. सावळेराम, पाणी पिऊन घ्या, तुमचं नाव येणार नाही.

बाई आल्या तेव्हा मी शाळा समितीचा अध्यक्ष होतो. पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगितलं, "या शाळेत सगळ्यांच्या सणांची माहिती देणार, सक्ती कुठल्याच सणाची करणार नाही." आम्ही माना डोलावल्या. आम्हाला वाटलं, नव्या माणसाला बोलायची हौस असते. पण बाईंनी खरंच तसं केलं. दिवाळीला करंजी कशी वळतात ते पोरांनी फळ्यावर लिहिलं, ईदला शिरखुर्म्यात काय काय पडतं ते लिहिलं. आमची समृद्धी, म्हणजे माझी नात, घरी येऊन आजीला म्हणाली, "तुझ्या खिरीत खारीक का नाय?" घरात आठ दिवस त्यावर चर्चा चालली होती.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या आईच्या, कैलासवासी साळुबाईंच्या नावानं मी शाळेत एक बक्षीस ठेवलंय. वर्षभरात एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला दप्तर आणि स्टीलचा डबा. आमची समृद्धी ते सलग तीन वर्षं घेत होती. आजोबानं द्यायचं, नातीनं घ्यायचं, घरचं दप्तर घरी. आणि ही सिद्धी दर वर्षी एका दिवसानं हुकायची. एकाच दिवसानं.

तिसऱ्या वर्षी बक्षीस वाटून झाल्यावर बाईंनी मला ऑफिसात चहाला थांबवलं. म्हणाल्या, "भिमाजीभाऊ, यात्रेच्या दिवशी समृद्धी शाळेत होती का?"

"शाळा बंद व्हती की बाई."

"आणि जैनांच्या संवत्सरीला सिद्धी नव्हती, पण शाळा चालू होती. भाऊ, दोघी त्या दिवशी देवधर्मालाच गेल्या होत्या. एकीची हजेरी पूर्ण धरली, एकीची गैरहजेरी लागली."

मंडळी, शाळाच बंद असली की गैरहजर कुणीच नसतं. ही गोष्ट मला वयाच्या साठाव्या वर्षी एका चहाच्या कपात कळली. कळली म्हणजे पटली असं नाही. मी म्हणालो, "बाई, नेम म्हंजे नेम." आणि चहा अर्धा टाकून उठलो. खरं सांगतो, मला लाज वाटली होती. पण पुरुषाला लाज वाटली की तो तिला राग म्हणतो.

मग जूनची बैठक आली. मुख्याध्यापकांच्या अधिकारात वर्षाला दोन सुट्ट्या असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातली एक आपल्या यात्रेची, आज्या-पणज्यापासून. बाई म्हणाल्या, "या दोन सुट्ट्या ज्यांना हव्यात त्यांनी अर्ज द्या. अट एकच. स्वतःच्या सणासाठी अर्ज करायचा नाही. दुसऱ्याच्या सणासाठी करायचा. आणि तो सण काय असतो ते चार ओळीत लिहायचं."

आम्ही हसलो. दोनशे उंबऱ्याच्या गावानं आपल्या देवाची सुट्टी दुसऱ्याकडून मागून घ्यायची? मी तर बैठकीतच म्हणालो, "बाई, बिबट्या दिसला तवा शाळा सोडली, त्याला कुणी अर्ज केला व्हता?" सगळे खिदळले, बाईसुद्धा. अर्ज मात्र मी केला नाही.

भाद्रपदात गणपती बसले, दुसऱ्या दिवशी संवत्सरी आली, शाळा चालू राहिली, सिद्धीची गैरहजेरी लागली. चैत्र जवळ आला. मी बाईंना विचारलं, "यात्रेची सुट्टी जाहीर करताय न्हवं?" त्या म्हणाल्या, "तुमचा अर्ज नाही, भाऊ. यात्रेच्या आधी चार दिवस बोर्ड बघा."

झालं. पत्रिका छापून आल्या होत्या, लेझीमचं पथक ठरलं होतं, पोरं शाळेत असतील तर लेझीम काय माझी कमिटी खेळणार? सत्तरीतली माणसं. एकाचे गुडघे, एकाचा बीपी.

तर मंडळी, त्या रात्रीची झोप गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी जुन्नरला गेलो. बाजारपेठेतल्या गल्लीत एका टायपिंगवाल्याकडं बसलो आणि अर्ज सांगितला. "सदर मुख्याध्यापिका गावाच्या धर्मभावनेचा अनादर करतात व एका व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून शाळा चालवतात." टायपिंगवाला म्हणाला, "खाली नाव?" मी म्हणालो, "समस्त ग्रामस्थ."

होय. तो अर्ज माझा होता.

सावळेराम, आता पाणी मला द्या.

पुढचं ऐका, खरी गंमत पुढं आहे. तीन दिवसांनी शाळेच्या बोर्डवर नोटीस लागली. "ग्रामदैवताच्या यात्रेनिमित्त शाळेस सुट्टी. अर्जदार: श्री. रमणलाल, किराणा व्यापारी." शेठनं तो अर्ज मागच्या जूनमध्येच दिला होता, बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी. चार ओळीसुद्धा लिहिल्या होत्या. मला पाठ आहेत. "या दिवशी गावच्या लेकी माहेरी येतात. मुलं लेझीम खेळतात. आम्हा व्यापारी लोकांनाही हा दिवस आपला वाटतो. शिवाय गूळ, खोबरं लई खपतं, हेही खरं आहे."

अख्ख्या गावात माझ्या देवासाठी सुट्टी एकाच माणसानं मागितली होती, आणि त्याच माणसावर बोट ठेवून मी अर्ज पोस्टात टाकला होता. बाईंनी मला ते आधी सांगायला हवं होतं की नको? बाई, तुम्हीही काही कमी नाही. पण तुम्ही मला बोर्ड बघायला सांगितलं होतं. बघायच्या आधी लिहिणारा मी.

मी परत तालुक्याला पळालो, अर्ज मागं घ्यायला. तिथला क्लार्क चांगला माणूस, अदबीनं म्हणाला, "काका, कुणाचा अर्ज?" आता काय सांगता? निनावी अर्ज परत मागायचा तर नाव सांगावं लागतं, आणि नाव सांगायचं असतं तर तो निनावी कशाला केला असता? मी म्हणालो, "कुणाचा न्हाई, असंच इचारलं." स्टँडवर एक वडापाव खाल्ला आणि घरी आलो. राव, आजवर मी बैल परत आणलेत, खराब निघालेलं बियाणं दुकानदाराच्या गळ्यात परत घातलंय. एक कागद परत आणता आला नाही.

मग चौकशी लागली. साहेब आले, समितीचा अध्यक्ष म्हणून माझाच जबाब घेतला. मी इतकं चांगलं बोललो बाईंबद्दल, की साहेब म्हणाले, "थोडं कमी लिहू का?" तक्रारदार मीच, साक्षीदारही मीच. चौकशीत काही निघालं नाही. पण ती चालली सात महिने, आणि त्या वर्षी आदर्श शिक्षक पुरस्काराच्या यादीत बाईंचं नाव होतं ते चौकशी चालू आहे म्हणून मागं पडलं. नंतर परत आलं नाही. आज इथं बाईंच्या गळ्यात हार घातलेत, शाल दिलीय, नारळ दिलाय. जे त्यांना मिळायला हवं होतं ते माझ्यामुळं मिळालं नाही. हे कबूल करायचं धाडस होईना, म्हणून नऊ वर्षं गेली.

यात्रेनंतरच्या जूनमध्येच मी संवत्सरीसाठी अर्ज केला होता. चार ओळी लिहायच्या तर सण माहीत पाहिजे, म्हणून शेठच्या दुकानात जाऊन बसलो. शेठाणी सूरजबाईंनी चहा दिला. शेठ म्हणाला, "त्या दिवशी उपवास करायचा आणि वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची. मोठ्यानं लहानाचीसुद्धा." आणि लगेच हात जोडून म्हणाला, "भाऊ, मीही काही बोललो असेन तर माफ करा." दुसऱ्यांदा माझा चहा अर्धा राहिला. मी म्हणालो, "नाय नाय शेठ, तुमचं काय न्हाई." माझं काय आहे ते मात्र सांगितलं नाही. अर्ज लिहिला, सुट्टी मिळाली. गणपतीला जोडून दुसरी सुट्टी मिळाली म्हटल्यावर पोरं शेठच्या दुकानासमोरून 'संवत्सरी झिंदाबाद' करत गेली. त्या वर्षी सिद्धी सातवीत होती. एकही दिवस चुकला नाही. साळुबाईंचं दप्तर तिला मिळालं.

पुढं अर्जांचा नुसता पाऊस पडला. एका वर्षी सोळा आले. पाचवीतल्या श्रेयानं लिहिलं होतं, "गावात ख्रिश्चन कुणी नाही, पण एखादा आला तर त्याला वाईट वाटू नये म्हणून नाताळाच्या आदल्या दिवशीही सुट्टी द्यावी." बाईंनी त्यावर शेरा मारला, "आल्यावर कळवावे." भरत सर, हा कारभार आता तुमच्याकडं येतोय. अट बदलू नका एवढीच विनंती. दुसऱ्याचा सण चार ओळीत लिहायला लागला की माणूस त्याच्या घरी चहाला जातो. आणि न गेला तर काय होतं, तो नमुना तुमच्यासमोर उभा आहे.

सिद्धी चिठ्ठी दाखवतेय. दोनच मिनिटं, पोरी. गोरखचं राहिलं.

चौकशी संपल्यावर समितीची बैठक झाली. शाळेच्या पेपरांच्या, फॉर्मांच्या झेरॉक्सचं काम गोरखकडून काढून घ्यायचं, असा ठराव आला. बाई एकट्या विरोधात होत्या. म्हणाल्या, "वर्गात स्वतः पाहिल्याशिवाय मी कुणाची गैरहजेरी मांडत नाही. तुम्ही न पाहता एका माणसाला दोषी कसं धरता?" कुणी ऐकलं नाही. ठराव पास झाला. खाली अध्यक्ष म्हणून सही माझी. जिथं करायची तिथं केली नाही, आणि जिथं करायची नव्हती तिथं ठसठशीत केली. तेव्हापासून गोरखच्या दुकानाची पायरी अर्धा गाव चढत नाही. त्याच्या पोरीच्या साखरपुड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या मी मोजल्या नाहीत, पण बघितल्या.

आज सकाळी मी गोरखच्या दुकानात गेलो. म्हणालो, "एक अर्ज टाईप करायचाय." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कळफलक पुढं ओढला. मी सांगत गेलो, तो टाईप करत गेला. "मी, भिमाजी सोमाजी, लिहून देतो की नऊ वर्षांपूर्वीचा निनावी अर्ज माझा होता. त्यातला मजकूर खोटा होता. गोरखचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता." या ओळीला त्याचा हात थांबला. मग त्यानं ती पुरी केली आणि विचारलं, "तारीख कुठली टाकू, भाऊ?"

मी म्हणालो, "आजची."

तो म्हणाला, "तवाची टाकली असती तर लई बरं झालं असतं."

तो कागद हा. तुमच्यासमोर सही करतोय. अध्यक्ष महोदय, एक प्रत तालुक्याला, एक शाळेच्या दप्तराला, आणि एक ग्रामपंचायतीच्या बोर्डवर लागेल. बोर्ड बघायची सवय आता मला लागली आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, सिद्धीनं चिठ्ठ्यांवरच भागवलं, त्याबद्दल मनापासून आभार. बाई, तुम्हाला पुढचं आयुष्य निरोगी आणि सुखाचं जावो. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर सोडून द्या, म्हाताऱ्या माणसाचं चालायचंच. बोलायच्या आधी नऊ वर्षं जे केलं, त्याची मात्र माफी मागतो. बाई, तुमची. शेठ, तुमची. आणि गोरख, तुझी, तू लहान असलास तरी.

आता जेवणं होतील. पंगतीत माझ्या शेजारचं पान मोकळं ठेवायला सांगितलंय, ते गोरखचं आहे. तो त्यावर बसला नाही, तरी माझी त्याच्याविरुद्ध काही तक्रार नाही.