सासऱ्यांच्या जीपचा स्नॉर्केल

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत इंदुबाई खडकीच्या गॅरेजात ताटकळत बसल्या होत्या. तेवढ्यात शुभंकर नावाच्या तरुणाने बंद पडलेली जीप टोचन लावून आणली आणि मिस्त्री शमशुद्दीनभाईंनी बॉनेट उघडलं.

"छतापर्यंत हा स्नॉर्केलचा पाइप कोणी चढवला?"

"मीच, घरी. पाण्यात इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून. तरी नदीकाठच्या पाण्यात बंदच पडली!"

"पत्र्याला भोक झकास पाडलंत. आत फिल्टरला पाइप का नाही जोडला?"

"जोडायचा असतो?"

"छे, नुसता मिरवायचा असतो! इंजिनाने खालच्या जुन्या तोंडानेच पाणी ओढलं. आता इंजिनच खाली उतरवावं लागेल. महिना धरा."

"महिना? अहो भाई, जीप सासऱ्यांची आहे. संध्याकाळी गावाहून येतायत."

"त्यांना विचारून भोक पाडलंत ना?"

"विचारलं असतं तर पाडू दिलं असतं का? सर्व्हिसिंगला दिलीय म्हणून सांगतो. तुम्ही फक्त गप्प राहा."

"मी गप्पच. पण पाण्यात घालताना शूटिंग केलं असेल?"

"केलं की. सकाळीच माझ्या चॅनलवर टाकलं."

"सासरे बघतात तुमचं?"

शुभंकरने घाईघाईने मोबाइल काढला. इंदुबाईंनी बाकावर जरा पुढे सरकत विचारलं,

"काय झालं? बघितलं का त्यांनी?"

"खाली लिहिलंय, 'अभिनंदन, जावईबापू. जीप ओळखीची वाटते.'"