खंड्याचा गुडघा

अगं, आज आमच्या खंड्या कुत्र्यानं डुकराला पार ओढ्यापर्यंत पळवलं! चार महिन्यांपूर्वी हाच मागचा पाय टेकवत नव्हता.

जनावरांचा डॉक्टर गोळ्या देत म्हणाला, "आजी, मुरगळलाय. होईल बरा."

म्हटलं, "मुरगळला न्हाई, गुडघ्यातली दोरी तुटलीय. गोळ्यांवर जन्माचा लंगडा व्हईल. मांडी घट्ट धरा अन् गुडघ्याखालच्या हाडाची नळी पुढं ओढून बघा, सरकंल."

तो हसला. मी टेबलापासून हलेना, तेव्हा कुठं त्यानं ओढली. नळी कपाटाच्या खणासारखी सर्रकन पुढं आली! दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन केलं त्यानं.

टाके काढताना हळूच विचारतो, "आजी, हे कुठं शिकलात?"

"मोबाईलवर. तुमी कॉलेजात काय करत हुता?"