पोटऱ्या बघून निवडलेला गडी

तुम्ही कबड्डीवाले, म्हणून सांगतो. आखाती युद्धाच्या वेळी मी सौदीत अल-खोबरला होतो. बायको-मुलांना नाशिकला पाठवलं होतं. शेजारच्या फ्लॅटमधला डेव्ह अमेरिकन, त्याचीही माणसं परत गेलेली. सायरन वाजला की आम्ही दोघं माझ्या बाथरूममध्ये गॅस मास्क लावून बसायचो.

एकदा त्याने त्यांच्या फुटबॉलचं मासिक आणलं. त्याच्या लाडक्या संघाला नवा खेळाडू निवडायचा होता, आणि मासिकात उमेदवारांची फोटोंसकट यादी होती.

"या जागेवर खेळणाऱ्याला बॉल मिळत नाही," मास्क वर करून तो म्हणाला. "पुढे उभं राहून मागच्याला वाचवायचं, एवढंच काम. तू कोणाला घेशील?"

मी सगळ्यांच्या पोटऱ्या बघितल्या. आमच्या तालमीत कोपऱ्यावरचा गडी तसाच निवडायचे. एकावर बोट ठेवलं.

"हा? हा तर यादीत तळाला आहे."

"असू दे. हा जागचा हलणार नाही."

यावरून आम्ही महिनाभर भांडलो. युद्ध संपलं आणि डेव्ह कायमचा घरी गेला. पुढे त्याचं पत्र आलं, एकाच ओळीचं: "तुझा गडी घेतला."

मला इतका आनंद झाला, की पत्र घेऊन मी तसाच शेजारी गेलो आणि त्याचं दार वाजवलं.