चौथ्या फेरीतला फोन

हॅलो?… तात्या, मी दीपा बोलायले… दीपा हो, दीपमाला, तुमची पोरगी… नंबर दुसरा आहे, माहितीये. माझ्या फोनची बॅटरी मेली, हा सिस्टरचा फोन आहे… दवाखान्यातून, व्हय… घाबरू नका, आधी ऐका. आई माझ्या इथं जिन्यावरून पडली…

हसताय काय?

नाय तात्या, ही चौथी फेरी नाय… खेळ नाय हा, खरंच पडली… कोण, आमच्या ऑफिसातली गौहर? अहो मी गौहर नाय. ती खुलताबादला गेलीय मावशीकडं. मागच्या फेरीत तिनं माझा आवाज काढला, तो खेळ होता. हा माझाच आवाज आहे… हुबेहूब वाटणारच की, माझाच आहे म्हणल्यावर.

मागं कोण हसायलंय? कडुबाकाका का?… स्टँडवर बसलात, आणि स्पीकर लावलाय? तात्या, तो स्पीकर बंद करा आधी… बरं, नका करू. पण एवढं एकच सांगा. आई पैठणला दाढ काढायला गेली होती तुमच्यासंगं, आठवतंय ना? इंजेक्शन दिलं आणि तिचं तोंड सुजलं, श्वास अडकला. त्या औषधाचं नाव काय होतं?… मी तेव्हा पुण्याला होते हो, मला कुठं माहिती. तिला विचारलं तर म्हणती, तुझ्या बापाला विचार. हाड मोडून बाहेर आलंय, आत न्यायचंय तिला, आणि डॉक्टर म्हणतात, हे कळल्याशिवाय मी सुई टोचणार नाय…

"घरातली माहिती फोनवर देत नसतो"… व्हय. ते वाक्य मीच लिहिलंय.

सोनिया सिस्टर, जरा थांबा ना, सांगतील ते… वडीलच आहेत माझे… नाय हो, डोकं चांगलंय त्यांचं. लईच चांगलंय, तीच तर अडचण झालीय. आम्ही शिकवायचे खेळ बनवतो, मी आणि माझी मैत्रीण झेबा. क्रांती चौकात ऑफिस आहे. म्हाताऱ्या माणसांना फोनवरचे ठग ओळखता यावेत म्हणून हा खेळ काढला. आमचीच माणसं ठग बनून फोन लावतात, काहीबाही गोष्टी रचतात, आणि जो फसत नाय त्याला मार्क. पैठणला एसटीतली सगळी रिटायर मंडळी खेळायलीत. पहिल्या फेरीत तात्या फसले. बँकेतून बोलतोय म्हणल्यावर सगळं सांगून बसले, आणि स्टँडवर त्यांचं असं हसं झालं की चार दिवस घराबाहेर पडले नाय. तेव्हापासून जिद्दीला पेटलेत… चौथी फेरी याच आठवड्यात आहे. तिच्यात काय? तिच्यात पोरीचा फोन येतो, दवाखान्यातून… कुणी लिहिली म्हणजे? मीच लिहिली.

हॅलो, तात्या?… आहात ना? ठेवू नका, ठेवू नका फोन… मग घरचा प्रश्न विचारा ना. त्याच्यासाठीच तर ठरवलाय आपण. विचारा… आपल्या बोक्याचं नाव? कंडक्टर. बरोबर आहे ना? दारात उभा राहून कुणालाच आत येऊ देत नव्हता म्हणून… मग आता काय?… शिबिरातल्या सगळ्या हॉलला माहितीये? व्हय की. उदाहरण म्हणून मीच सांगितलं माईकवर.

बरं, दुसरा विचारा… नाय, मीच सांगते. मी सहावीत असताना जालन्याच्या गाडीत बसून गेले, आणि तुम्ही पुढच्या स्टँडवर फोन करून गाडी थांबवली… तेबी सांगितलंय? कधी?… हां. दुसऱ्या शिबिरात. लोक लई हसले होते. आणि ते साखरपुड्यातलं, तुम्ही पाहुण्यांना रांगेत उभं केलं ते?… तेबी.

घरातली एक गोष्ट शिल्लक ठेवली नाय मी, तात्या.

हे ऐका, फोन दारापाशी धरते. ऐकलंत? आई कण्हायली… काय म्हणलात? रेकॉर्डिंग चांगलं केलंय? तात्या, ती बायको आहे तुमची… नाय, मी चिडत नाय… रडत नाय… हां, रडायले. मोजा, तेबी मोजा. नवा नंबर, दवाखाना, घाई, रडणं. कडुबाकाकांना म्हणा टाळ्या वाजवा… झेबाला विचारता? ती औषधं आणायला खाली गेलीय. आणि तिनं हो म्हणलं तरी तुमचा काय विश्वास बसणारे, ती तर खेळाची मालकीण… दादाचा फोन लागत नाय, विमानात आहे तो. हेबी ठगच सांगतात, माहितीये मला. मला सगळं माहितीये.

ऐका ना तात्या, फक्त ठेवू नका…

काय म्हणलात? परत म्हणा… "ठग सारखा म्हणतो, ठेवू नका."

हां. खरंय. सगळ्यात मोठं लक्षण तेच आहे.

थांबा जरा. मला विचार करू द्या.

…मंजुषाताई. तात्या, आमच्या शेजारच्या मंजुषाताई, दिवाळीत तुम्ही मोसंबीची पिशवी दिली होती त्यांना. त्या आपल्या खेळात नायत. त्यांना वाटतं आम्ही पोरी नुसता टाइमपास करतो. आईला रिक्षात त्यांनीच धरून बसवलं. त्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे… नाय, मी सांगणार नाय. मला पाठबी नाय आणि मी सांगितलेला लावायचाबी नाय. तुमच्याकडं आहे तोच लावा. आणि पटलं तर या नंबरवर मला करा.

आता ठेवा फोन… व्हय, मीच म्हणायले. ठेवा… ठग म्हणतो का कधी असं?… नाय ना म्हणत?… बरं, तुमच्यानं होत नसंल तर मीच ठेवते. तात्या, ठेवते हं मी.

ठेवला, सिस्टर. डॉक्टरांना म्हणा, जरा दम धरा… येईल ना फोन. मंजुषाताईंनी उचलला तर येईल. दुपारी झोपतात त्या… नाय उचलला तर काय, ते मला विचारू नका. तुम्ही आईला म्हणा, तात्यांशी बोलणं झालं. काय झालं ते नका सांगू. म्हणा, बोलायलेत… हा ठसा कशाचा? माझाच हात ओला आहे, तुमचा फोन पुसून देते… हा वाजायलाय का? नाय. शेजारचा आहे… वाजला. हाच वाजला, सिस्टर, हाच.

हॅलो?

…हां. हां तात्या, मीच… बोला… पेनिसिलीन. सिस्टर, पेनिसिलीन. परत एकदा म्हणा, तात्या… पेनिसिलीनच. पक्कं?… रोज घोकत होतात? एवढे दिवस?… सिस्टर, जा तुम्ही, सांगा डॉक्टरांना. फोन राहू द्या माझ्याकडं, आलेच.

तात्या?… गेल्या त्या आत. सांगतील. होईल सगळं नीट… शुद्धीवर आहे हो ती, मघाशी मलाच रागावली, पदर सरळ कर म्हणून… तात्या, बोला ना. माफी कसली?… म्हणलात, चोरटी म्हणलात मला. मग? मीच शिकवलंय तसं. तुम्ही काय चुकलं नाय… मी तुमच्यावर रागावले होते, लई रागावले होते, खोटं कशाला बोलू. आता नाय.

आणि आवाज कमी का येतोय? मंडळी कुठं गेली?… तुम्ही कुठून बोलायलात?… पार्सल खोलीच्या मागून? तिथं कशाला उभे राहिलात, तिथं तर सगळा…

बरं.

बरं, तात्या. रडा. कुणी बघत नाय तिथं… अहो लाज कसली त्यात. आई आहे ती.

काय?… हॉलमध्ये सांगू नको?… नाय सांगणार. माईकवर नाय, शिबिरात नाय, झेबालाबी नाय. ही एक आपल्यातच राहू द्या… उलट असं करू. बोका झाला आता जुना. परत कधी नव्या नंबरावरून माझा फोन आला ना, तर एवढंच विचारा, आई पडली त्या दिवशी तुझा बाप कुठं उभा होता… व्हय. तुम्हाला माहिती आणि मला माहिती.

आता डोळे पुसा आणि इकडं यायला गाडी बघा कुठली लागलीय. कडुबाकाकांना म्हणा, फेरी संपली… ठेवा आता… नाय, तुम्ही ठेवा आधी. ठेवा.