एकाचा अकरा

...आणि वर म्हणतात काय, तर खेळ चालवणाऱ्याने आडोशामागे थोडं खोटं बोलावं! नियमांच्या पुस्तकात छापलंय हो तसं, पान एकशे चाळीस, मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. 'फाशावर नको तो आकडा आला, तर बेधडक दुसरा सांगा, खेळणाऱ्यांची मजा महत्त्वाची.' बेधडक! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो मी, लोकांच्या तराजूखाली चिकटवलेली चिंच, लोहचुंबक, एकदा तर च्युइंगमसुद्धा काढलंय या हातांनी, आणि मला सांगतात खोटं बोला? माझं एकच. पडला तो पडला!

बरं, फळ्यावर लिहिलंय 'खेळ कसा चालवावा : उपयुक्त सूचना', तेव्हा सूचनांकडे येतो. वाचनालयाच्या बाईंनी मोठ्या मायेने बोलावलंय, अर्धा तास दिलाय, आणि तुम्ही... सात, आठ... तुम्ही पेपर वाचायला आलायत का? वाचा, वाचा, मी बोलत राहतो, मला सवय आहे.

तर खेळ असा. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण सांगतो, तुम्ही जंगलात आहात, समोर दार आहे, आतून खोकल्याचा आवाज येतोय, आता तुम्ही काय करता? मग बाकीचे सांगतात, मी दार ढकलतो, मी कान लावते, मी पळून जातो. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. वीस बाजूंचा असतो तो. प्रत्येकाचं एक पात्र, त्याची माहिती एका कागदावर, आणि पात्र मेलं की कायमचं गेलं. जिंकणं नाही, हरणं नाही, सोंगट्या नाहीत. म्हणजे एकाने थापा मारायच्या आणि बाकीच्यांनी त्या थापांत राहायला जायचं! माझ्या पुतणीचा खेळ हा. ती नोकरीला लांब गेली, जाताना खोकं माझ्याकडे ठेवून गेली, 'काका, सांभाळा हं.' आता सरकारी माणसाला सांभाळा म्हटलं की तो आधी नियम वाचतो. तीनशे वीस पानं! लाल पेनने खुणा करून वाचली. बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, घरात सहा खुर्च्या आणि मी एकटा, संध्याकाळ काही केल्या सरत नव्हती. म्हटलं, चार माणसं जमवावी.

जमली की! कोपऱ्यावरचा शिंपी, त्याच्या शेजारचा औषधवाला, माझा मेहुणा, आणि वरच्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाई, गणित शिकवतात. दर रविवारी दुपारी चार वाजता. लिहून घ्या, सूचना पहिली : वेळ ठरलेली हवी. चार म्हणजे चार. मेहुणा सव्वाचारला यायचा, 'अहो भावजी, पंधरा मिनिटांनी काय त्या राक्षसाचं पोट बिघडणार आहे?' मी घड्याळ पुढे सरकवायचो.

सूचना तिसरी... दुसरी राहिली का? दुसरी फाशांची, ती मोठी आहे, थांबा. तिसरी म्हणजे आपल्या तयारीच्या प्रेमात पडू नका. मी चाळीस खोल्यांचा किल्ला काढला होता हो, आलेखाच्या कागदावर, पायऱ्यांची मापं घालून! आणि हे चौघं किल्ल्यात गेलेच नाहीत. नदी ओलांडायची होती, म्हणून मी जाता जाता एक नावाडी काढला, त्याला जरा असा नाकातला आवाज दिला, 'बशाऽऽ मालक, व्हडी बुडणार न्हाई, बुडाली तर तुमी पवा...' झालं! तीन तास नावाड्याशी गप्पा! त्याला मुलं किती, त्याला पोहता येतं का... औषधवाल्याने त्याच्या गुडघ्याला मलम दिलं. किल्ला तसाच पडून आहे कपाटात. तेव्हा चिडलो होतो. आता भांडी घासताना मीच बोलतो त्या आवाजात. 'बशाऽऽ मालक.' घरात दुसरा आवाज असावा म्हणून.

हां, फासे! शिंप्याचा एक लाडका फासा होता, हिरवा. सारखे वीस, एकोणीस, वीस. स्वयंपाकघरातून भांडं आणलं, पाण्यात मूठमूठ मीठ घातलं, फासा सोडला. मिठाच्या पाण्यात फासा तरंगतो, टिचकी मारली की गिरक्या घेतो, आणि दर वेळी एकच बाजू वर आली तर समजा आत खोट आहे. नऊदा टिचकी मारली, नऊदा एकोणीस! मी फासा पुडीत बांधला, वर तारीख घातली, शिंप्याची सही मागितली. 'साहेब, खेळ आहे हो!' म्हटलं, तुमची कापडाची पट्टीही एकदा बघायला हवी. आता तुम्ही हसताय, पण तो हसला नाही. पुढच्या रविवारी त्याला लग्नाचे कपडे शिवायचे होते. त्याच्या पुढच्याही.

चुकलं माझं. मान्य. पट्टीचं बोलायला नको होतं. पण फासा? पडला तो पडला.

आणि आता ते पान एकशे चाळीस. हा पुठ्ठ्याचा आडोसा असतो ना खेळ चालवणाऱ्यासमोर, तो उभा करायचा, त्यामागे फासा टाकायचा आणि आकडा तोंडाने सांगायचा. कोणाला दिसत नाही. आमच्या बाई अडीच वर्षं एक वाटाडी खेळत होत्या, तिचं नाव टिटवी. काटक, तोंडाळ, रस्ता चुकली तरी कबूल न करणारी. बाई एरवी जिन्यात भेटल्या तर 'बरंय ना?' एवढंच. पण टिटवी झाल्या की काय बोलायच्या! 'ए नावाड्या, गप वल्हव, नाहीतर तुझ्या मिशीला दोर बांधून ओढीन होडी!' आम्ही पोट धरून हसायचो. तर ही टिटवी दरीवरचा दोरांचा पूल ओलांडत होती. सोपं काम. वीसपैकी एकोणीस आकडे तिच्या बाजूने, फक्त एक पडला तर संपलं. बाई म्हणाल्या, 'साहेब, तुम्हीच टाका.' मी आडोशामागे टाकला.

एक.

एकच! मी वाकून बघितला, चष्मा काढून बघितला, चष्मा लावून बघितला. कोणाला दिसत नव्हता हो. औषधवाल्याने श्वास धरलेला, मेहुण्याचा कप तोंडाशी. सात म्हणालो असतो, बारा म्हणालो असतो! काय बिघडलं असतं? पण जीभच वळेना. म्हणालो, 'एक.' मेहुणा ओरडला, 'बघू, बघू!' तर बाईच म्हणाल्या, 'बघायचं काय? साहेब एक म्हणतात, म्हणजे एक.' टिटवीच्या कागदाची चौकोनी घडी केली, पर्समध्ये ठेवली, 'बरं' म्हणाल्या आणि वर गेल्या. पडला तो पडला... हे मी मोठ्याने म्हटलं, पण तोवर दार लागलं होतं.

मग नऊ रविवार बाई नाहीत. औषधवाला म्हणाला, 'टिटवी नाही तर मजा नाही, साहेब, आणि मला आता नातवाला बागेत न्यावं लागतं.' मेहुण्याने कारणसुद्धा दिलं नाही, मेहुणा तो! म्हणजे बघा, एकतीस वर्षं गावभर दांडी मारणाऱ्यांना पकडत फिरलो, आणि आता माझ्याच टेबलावर चौघांनी दांडी मारली. तरी मी चारला पाच खुर्च्या मांडायचो. सहापर्यंत बसायचो. एका रविवारी एकट्यानेच खेळून पाहिलं. स्वतःला विचारलं, 'आता तुम्ही काय करता?' आणि तुम्हाला सांगतो, उत्तर सुचेना. फार एकटं वाटलं हो त्या दिवशी. मग उठलो आणि पान एकशे चाळीस चौथ्यांदा वाचलं.

ठरवलं, खोटं बोलायचं! आरशासमोर तालीम केली. चार फोन लावले. शिंप्याला सांगितलं, औषधवाला येतोय, मेहुणा येतोय, बाई येतायत, तुम्हीच राहिलात. औषधवाल्याला सांगितलं, शिंपी येतोय... चौघांना तेच. कानाची पाळी लाल झाली माझी, पण फोनवर कोणाला दिसते? शिंपी म्हणाला, 'सगळे आहेत? मग येतो की!' औषधवाला म्हणाला, 'नातवालाच घेऊन येतो!' मेहुणा म्हणाला, 'चारला म्हणजे चारला!' बाई एवढंच म्हणाल्या, 'बघते.'

आल्या कोण? बाई. बरोबर चारला. चार रिकाम्या खुर्च्या बघितल्या. 'बाकीचे?' 'येतायत.' दुसरं खोटं! चहा केला. साडेचार झाले. बाईंनी पर्समधून ती चौकोनी घडी काढून टेबलावर ठेवली आणि हात ठेवून बसल्या. 'मी आता काय खेळू, साहेब? टिटवी तर गेली. नवं कोणीतरी करावं म्हणते.' हीच वेळ, म्हटलं! म्हणालो, 'बाई, टिटवी गेलेली नाही. त्या दिवशी माझा जवळचा चष्मा नव्हता. तो एक नव्हताच, अकरा होता. मला पुढचा एक दिसलाच नाही!'

मला वाटलं, हसतील. टाळी देतील.

बाईंनी विचारलं, 'खरंच अकरा होता?' म्हटलं, 'अकरा!' त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, 'साहेब, मी नऊ रविवार फेरपरीक्षेचे पेपर तपासत होते. एकतीसचे पस्तीस करा, अठ्ठावीसचे पस्तीस करा, कोणाला नापास दाखवायचं नाही, वरून सांगून ठेवलंय. आठवडाभर मी तेच करते. रविवारी तुमच्याकडे आलं की एक माणूस तरी पडला तो पडला म्हणायचा. टिटवी गेली, त्या रात्री मी रडले होते हो. बरं वाटलं होतं रडून. खरी गेली म्हणून.'

म्हणजे रुसल्या नव्हत्या! पेपर तपासत होत्या! आणि मी नऊ आठवड्यांत एकदा जिना चढून विचारलं नाही, बाई, कशा आहात म्हणून. मी उभाच राहिलो. 'अहो, एकच होता! एकच! मी आत्ता खोटं बोललो, तेव्हा नव्हतो बोललो! शपथ घेतो!'

तर म्हणाल्या, 'आता मला कसं कळणार, साहेब?'

सरळ प्रश्न. गणिताच्या बाई आहेत. चहा पूर्ण संपवला, कप विसळून पालथा घातला, 'येते' म्हणाल्या. टिटवीचा कागद टेबलावरच राहिला. मी नावाड्याच्या आवाजात 'बशाऽऽ' म्हणालो, तोवर त्या जिन्यात होत्या.

काय म्हणालात? खेळ चालवताना खोटं बोलावं की नाही? मला कशाला विचारता! आयुष्यात एकदाच माप मारलं मी, आणि नेमकं अशा गिऱ्हाइकाला, जे फक्त खऱ्या मापासाठी एक जिना उतरून माझ्याकडे यायचं.