बास येऊन नाही राहिला

(चिखल्याच्या खाण-कामगार वसाहतीतला मांडव. दुपारचे तीन. तुमसरच्या ऑर्केस्ट्राचा बास गिटारवाला केवळराम आणि रेडिओ मेकॅनिक श्यामराव एका बंद पडलेल्या ॲम्प्लिफायरपुढे उकिडवे बसलेले.)

श्यामराव : पयले हे सांग, बास येऊन राहिली का?

केवळराम : बास येऊन नाही राहिला म्हणूनच तर तुले बोलावलं ना!

श्यामराव : अबे, जळल्याची बास! नाकाची! ट्रान्सफॉर्मर जळला का, ते विचारून राहिलो.

केवळराम : तशी नाही येत. म्हणजे दोन्ही बास बंद.

श्यामराव : मस्करी सोड. झालं काय?

केवळराम : सकाळी ट्रकातून उतरवला, झकास वाजला. आता तारा जुळवता जुळवता एकदम गप. लाल दिवा चालू, आतली गुरगुर चालू, गिटारचा आवाज गायब. वायर बदलून पाहिली. गिटार दुसऱ्या मशीनले लावली, तिथं वाजते, पण ती लहान हाय, बास नाही पेलत.

श्यामराव : मंग गिटार चांगली. फ्यूजही चांगला, नाही तर दिवा नसता लागला. टॉर्चचा सेल दे. स्पीकरच्या तारांले टेकवतो... आयकलं?

केवळराम : ठुप् झालं.

श्यामराव : स्पीकर जिवंत हाय. दुखणं मशीनच्या पोटात हाय. सरक तिकडं. आत साडेतीनशे व्होल्ट हाय. उस्तादानं पयल्याच दिवशी शिकवलं होतं, उघड्या मशीनमध्ये एकच हात घालायचा. दुसरा खिशात.

केवळराम : खिशात कायले?

श्यामराव : दोन हात लागले त करंट छातीतून जाते. मंग तुह्या ऑर्केस्ट्राले माह्यासाठी भजन वाजवा लागन... हे पाय, सारे वाल, ह्या काचेच्या नळ्या, पेटले हायेत. काळं पडलेलं काही नाही. ठोकूनही पाहिलं, काही बदल नाही. नागपूरले न्यावं लागन.

केवळराम : पाच वाजता कार्यक्रम हाय, श्यामराव!

श्यामराव : त बिना बासचा कर. खरं सांगू का? राग नको येऊ देऊ. ऑर्केस्ट्रातून बास गेला त कोणाले पत्ताही नाही लागत.

केवळराम : एका माणसाले लागते. माह्या सासऱ्यांले. आज त्याइच्याच रिटायरमेंटचा कार्यक्रम हाय. तीस वर्सं खाणीत छत ठोकून पाहिलं त्याइनं. सुरुंगाच्या आवाजानं कान गेले, त्याले बारा वर्सं झाले. बारीक आवाज तर बिलकुल नाही. पण एका लग्नात आमची पार्टी वाजत होती, तवा ह्या खोक्यावर हात ठेवून उभे राहिले, ते हललेच नाही. माह्या बायकोले, शकुनले म्हणाले, तुह्या नवऱ्याचं आयकू येते मले.

श्यामराव : हातानं?

केवळराम : हातानं. आता पुढचं आयक. सासूबाईचा आवाज असा बारीक, सुईवानी. बारा वर्सांत त्याइनं आपल्या बायकोचं एक गाणं आयकलं नाही. आज सासूबाई स्टेजवर धान रोवण्याचं गाणं म्हणणार हायेत, आन् मी तेच जाड तारांवर बसवलं, दोन महिने लागले. त्याइले काहीच सांगितलं नाही. आता सांग, नागपूरले नेऊ का?

श्यामराव : ते पाय, तुहे सासरे आले वाटते.

मंगरू : जवाईबापू, चाय घेतला का?

केवळराम : मामाजी, मशीन बंद पडली!

मंगरू : हो, दूध कमीच हाय आज.

केवळराम : चाय नाही! म-शी-न!

मंगरू : मंग तोंड इकडं करून बोला ना. दाढीत बोलता, मले काय दिसन? ... बंद पडली? ठोकून पायली का?

श्यामराव : पाहिली, मामाजी. कानाले काही नाही समजलं. गुरगुरच लय हाय, त्यात तुमच्या खाणीचा कंप्रेसर भोंगावून राहिला.

मंगरू : छत ठोकाले कानाचं काय काम? आत ड्रिल चालते, पंप चालते, कान कोनाचे पुरते? एका हातानं सब्बल मारतो, दुसऱ्या हाताचे बोटं दगडावर ठेवतो. पक्का दगड बोटाले टोला देते. सुटलेला दगड बोटाखाली थरथरते. मंग तिथं उभं नाही राहाचं.

श्यामराव : पण इथं दोन हात म्हणजे मरण हाय!

मंगरू : त एक हात तुमचा, एक माहा. तुमी लाकडानं आत ठोका, मी हात खोक्यावर ठेवतो. जवाईबापू, तुमी सगळ्यात जाडी तार वाजवत राहा. थांबू नका.

श्यामराव : काय बे केवळराम, खरंच?

केवळराम : ठोक ना बाबा!

श्यामराव : हे पयलं.

मंगरू : पक्कं.

श्यामराव : हे?

मंगरू : पक्कं. समोर जा... समोर... मांगं या. थोडं मांगं. हळू ठोका. तुमी त दगड फोडून राहिले.

श्यामराव : इथं?

मंगरू : इथं. तार आली आन् गेली. आली आन् गेली. हे सुटलं हाय.

केवळराम : मले त काहीच नाही आयकू आलं!

श्यामराव : मलेही नाही. थांब, बंद कर. करंट उतरू दे... आता उलटा कर. भिंग दे... अरे बाप रे.

केवळराम : काय झालं?

श्यामराव : वालाच्या बैठकीखालचा सोल्डरचा डाग तडकला हाय. केसावानी चीर. ट्रकात हादरला असन. चमकून राहिला वरून, म्हणून मले धडधाकट वाटला. वीस वर्सं मशीनीले कान लावून राहिलो मी, वीस वर्सं! मामाजी, तुमचा हात पाहू द्या.

मंगरू : हाताले काय पायता? घट्टे हायेत नुसते.

केवळराम : त्याच हातानं एका दिवशी खाणीतून अकरा माणसं बाहेर काढले. ठोकलं, म्हणाले, निघा सारे. लोकं हसले. चाय पेत होते, तोवर मागं छत खाली आलं.

मंगरू : काय म्हनते हा?

श्यामराव : तुमची तारीफ करून राहिला!

मंगरू : उद्यापासून ह्या हाताले काम नाही. आज करून घ्या म्हना तारीफ.

श्यामराव : असा हात मले पाहिजे होता, मामाजी, शिकाले. घे केवळराम, नवा डाग दिला. लाव चालू.

केवळराम : लागला दिवा. वाजवू?

श्यामराव : वाजव... आला! आला बास! काय छाती भरून येऊन राहिला बे! कोणाले पत्ता नाही लागत म्हणालो, ते वापस घेतो.

मंगरू : थांबा, बोलू नका. हे काय वाजवता, जवाईबापू?

केवळराम : ... असंच, मामाजी. मशीन पाहून राहिलो.

मंगरू : असंच नाही. हे रोवन्याचं हाय. माह्या धुरपतेचं हाय हे.

श्यामराव : घे. संध्याकाळपर्यंतही नाही लपलं.

मंगरू : वाजवा. दोन्ही हात ठेवू द्या मले... इथं थांबले काहून? चुकले का?

केवळराम : नाही, मामाजी. सासूबाई दर वेळी तिथं थांबतात. म्हणून मीही थांबतो. काहून थांबतात, ते नाही सांगितलं त्याइनं.

मंगरू : तिले मालूम नसन. तिथं ती चिखलातून पाय उपसते.