निळ्यावर पांढरी अक्षरं

(दुपारी साडेचार. टीव्हीवरचं चित्र गेलं आहे. गच्चीवर नव्या अँटेनापाशी सासरे आणि मिस्त्री; बरोबर खालच्या खोलीत सून. बोलणं खिडकीतून.)

सून : गेलं, बाबा. पार गेलं.

सासरे : आत्ता तर येत होतं ना?

सून : येत होतं. मुंग्या होत्या, पण माणसं ओळखू येत होती.

मिस्त्री : थांबा वहिनी, होती तिथंच परत आणतो. पाइपावर खडूची खूण केलीय मी. हं, आता?

सून : नाही.

मिस्त्री : आता?

सून : नुसतं निळं.

सासरे : कशाला हात लावलास? येत होतं तसं येऊ द्यायचं.

मिस्त्री : काका, तुम्हीच म्हणालात, अक्षरं वाचता आली पाहिजेत. म्हणून फिरवली.

सासरे : म्हणालो खरा.

मिस्त्री : कसली अक्षरं, तेवढं सांगा. केबल सकाळी जळाली, तेव्हापासून सगळ्या जगाला आजच अँटेना हवीय. तुमच्याइतका जीव मात्र कुणी खाल्ला नाही माझा.

सासरे : माझा मुलगा वर आहे. त्या डोंगरावर, टीव्हीच्या मनोऱ्यावर. आज त्याची पाळी.

मिस्त्री : आज? अहो, खालची सगळी झाडी पेटलीय.

सासरे : दिसतंय मला. मोतीबिंदू आहे, आंधळा नाही झालो. दुपारी फोन आला त्याचा. म्हणाला, मोबाइलचे खांबही इथंच आहेत, फोन कधी बंद पडेल नेम नाही. केंद्र बंद करायच्या आधी पडद्यावर पाटी लावायचा नियम आहे त्यांचा. प्रक्षेपण थांबवत आहोत. निळ्यावर पांढरी अक्षरं. जरा वेळ ठेवतात, मग बंद. पाटी दिसली की समजा, मी जीपमध्ये बसलो, म्हणाला.

मिस्त्री : आणि पाटी न दिसताच चित्र गेलं तर?

सासरे : ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.

मिस्त्री : वायर बघतो. कुठं सैल झाली असेल. वहिनी, बूस्टरचा दिवा लागलाय का?

सून : लागलाय.

मिस्त्री : मग इथलंच काही... नाही, इथंही घट्ट आहे.

सासरे : तो समोरच्या गच्चीवर कोण चढलाय?

मिस्त्री : आहे कुणीतरी.

सासरे : हातात काय आहे त्याच्या?

मिस्त्री : पाना. पलीकडे अजून दोघं आहेत. तेही अँटेनाच फिरवतायत.

सासरे : म्हणजे आपली चूक नाही.

मिस्त्री : नाही. काका, आपली असती तर बरं झालं असतं.

सासरे : सूनबाई, जाताना काय दिसलं तुला? नीट आठव.

सून : मी खिडकीत होते, बाबा. अजून डावीकडे घ्या म्हणून ओरडत होते. वळले तर निळं झालेलं.

सासरे : अक्षरं होती?

सून : पांढरं काहीतरी होतं.

सासरे : काहीतरी म्हणजे?

सून : सिग्नल गेला की आपला टीव्हीही निळाच होतो ना. कोपऱ्यात लिहितो, सिग्नल नाही. तेही पांढरंच असतं.

सासरे : किती वेळ होतीस खिडकीत?

सून : तुम्ही दोघं पाइप कुणी धरायचा म्हणून भांडत होतात, तेवढा वेळ.

मिस्त्री : वहिनी, तलावापलीकडचं केंद्र लागतंय का बघू. उलट्या दिशेला आहे. बातम्या तरी कळतील. फिरवतोय. चॅनल शोधायला लावा.

सून : लावलं. थांबा. आलं, आलं. स्वच्छ आलं.

सासरे : काय दाखवतायत?

सून : डोंगरच. लांबून.

सासरे : मनोरा?

सून : वरचं टोक दिसतंय. खाली धूर.

सासरे : आवाज वाढव. काय म्हणतेय ती बातम्यांतली बाई?

सून : रस्त्यात, दुसऱ्या वळणावर एक जीप उभी आहे म्हणे. दिवे चालू आहेत. बंबवाल्यांना अजून तिथवर जाता आलेलं नाही.

मिस्त्री : म्हणजे निघाले, काका. पाटी लावूनच निघाले असणार.

सासरे : वर जीपा दोन असतात. एक वनखात्याची.

सून : कुठली, ते सांगत नाहीयेत, बाबा.

सासरे : मिस्त्री, परत डोंगराकडे फिरव.

मिस्त्री : तिकडून आता काही येत नाहीये. निदान हे तरी दिसतंय.

सासरे : जीप त्याची नसली, तर तो वरच आहे. जनरेटर आहे तिथं. चालू केलाच आणि पाटी लावली, तर आपली अँटेना तलावाकडं तोंड करून नको. एकदा चुकलंय.

मिस्त्री : बरं. फिरवली. खडूची खूण जुळली.

सासरे : सूनबाई?

सून : निळं झालं पुन्हा.

सासरे : खिडकीत येऊ नकोस आता. तिथूनच सांग. अक्षरं?

सून : कोपऱ्यातली. आपल्या टीव्हीची.

सासरे : आणि मधे?

सून : मधे काही नाही, बाबा. मी बघतेय.